तुमचा भाऊ नेमका कोणत्या प्रकारातला बेरोजगार?

प्रश्न असा आहे: "अकरावीपासून बेरोजगारीचे प्रकार पाठ करते आहे. हंगामी, छुपी, संरचनात्मक, चक्रीय, सुशिक्षित. व्याख्या येतात. पण माझा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर होऊन दोन वर्षं लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरीच आहे. अर्ज करतो, मध्ये तलाठी भरतीची परीक्षाही दिली, कामाच्या दिवसांत वडिलांबरोबर शेतात जातो. गाव त्याला रिकामा म्हणतं. तो नेमका कोणत्या प्रकारात बसतो? आणि याचं कारण काय, त्याचंच काही चुकतंय का?"

तुमच्या घराची कडी मी वाजवली असती, तर माझ्या कागदावर तुमचा भाऊ बहुधा बेरोजगार ठरलाच नसता. हे आधी सांगते, कारण प्रकारांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणासाठी मी २६ वर्षं घरोघरी फिरून माहिती गोळा केली. बराचसा काळ मराठवाड्यात, काही वर्षं मुंबईत आणि पुण्याच्या बाजूला, मधली चार वर्षं गोव्यात. रोजगाराच्या तक्त्यात घरातल्या प्रत्येक माणसापुढे दोन आकडी संकेतांक लिहायचा असतो. ८१ म्हणजे काम नाही, पण शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे. हाच आमचा बेरोजगार. २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात पैसे न घेता मदत करणारा, आणि तो रोजगारात धरला जातो. नेहमीची स्थिती ठरवताना मागचे ३६५ दिवस बघतात. वर्षाचा मोठा भाग नोकरी शोधण्यात गेला असला, पण त्याच वर्षात ३० दिवस किंवा अधिक तो शेतात राबला असेल, तर मुख्य आणि दुय्यम काम मिळून जो आकडा निघतो त्यात तो कामावर असतो. चालू आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांतल्या कुठल्याही दिवशी एक तास काम केलेलं पुरतं. सोयाबीनच्या काढणीत मी आले असते तर तुमचा भाऊ निःसंशय २१.

यात लबाडी नाही. एक तासाची अट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येशी जुळणारी आहे. देशात एकूण किती श्रम झाले हे मोजायला ती सोयीची पडते. मात्र २०२३-२४ साली भारतात १५ वर्षांवरच्या लोकांमध्ये बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, हे वाक्य वाचताना त्या ३.२ मध्ये तुमचा भाऊ धरलेला नसतो, एवढं लक्षात ठेवा. त्याच वर्षी त्याच देशात आठवड्याच्या हिशेबाने दर ४.९ टक्के आला. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच ढोबळ आकडा काढण्यात अर्थ नाही. इथे एकाच माणसाची शेती असते, मजुरी असते आणि मोकळे दिवसही असतात. पुढच्या प्रत्येक सर्वेक्षणात मला ते पटत गेलं.

आता प्रकार. पुस्तकात ते कप्प्यांसारखे मांडलेले असतात, ग्रामीण बेरोजगारीखाली काही, शहरीखाली काही. त्यामुळे माणूस उचलायचा आणि एका कप्प्यात ठेवायचा, असं वाटतं. प्रत्यक्षात प्रकाराचं नाव कारणाला असतं. काम का नाही, याचं ते उत्तर आहे, आणि एकाच माणसाच्या बाबतीत तीन-तीन उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. तुमच्या भावाची तशीच आहेत.

पहिलं उत्तर शेतातच सापडेल. समजा तुमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील आणि काका ती आजवर करत आले. भाऊ परत आला आणि तोही जाऊ लागला, तर सोयाबीनचा उतारा वाढतो का? बहुतेक नाही. आधी दोघांना पुरणारं काम तिघांत वाटलं जातं. यालाच छुपी किंवा प्रच्छन्न बेरोजगारी म्हणतात. माणूस कामावर दिसतो, पण तो नसला तरी उत्पादन तेवढंच निघेल. या अर्थाने हा शब्द पहिल्यांदा अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३६ साली वापरला, आणि तोही शेतीबद्दल नाही, मंदीत नोकरी गेल्यावर मिळेल ते किडूकमिडूक काम करणाऱ्या शहरी लोकांबद्दल. पुढे १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी शेतीप्रधान देशांतल्या जादा मनुष्यबळाची मांडणी केली आणि शब्द आपल्याकडच्या शेताला चिकटला.

हे हात खरंच जादा असतात का, यावर मोठा वाद झालेला आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी भारतातल्याच १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा दाखला दिला होता. साथीत माणसं गेली तसा पेराही घटला; म्हणजे ते हात निरुपयोगी नव्हते, असं त्यांचं म्हणणं. अमर्त्य सेन यांनी त्यावर आक्षेप घेतले. गंमत अशी की पुढे १९७९ चं नोबेल लुईस आणि शुल्ट्झ यांना एकत्रच मिळालं. शेतातून फिरलेल्या माणसाला यातला पेच ओळखीचा वाटतो. काढणीच्या पंधरवड्यात कुठलाच हात जादा नसतो, उलट मजूर मिळत नाही म्हणून माणसं हवालदिल असतात. जानेवारीत त्याच घरातली तीन माणसं पारावर असतात. छुपी बेरोजगारी आणि हंगामी बेरोजगारी या एकाच शेतात, एकाच घरात, महिन्यागणिक बदलणाऱ्या गोष्टी आहेत. २०२३-२४ मध्ये देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत आणि संलग्न व्यवसायांत होते, आणि देशाच्या एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के होता. निम्म्याच्या जवळपास लोक पाचव्या हिश्श्याहून कमी उत्पन्न वाटून घेतात. बाकीची चर्चा बाजूला ठेवली तरी एवढं एक प्रमाण पुरेसं बोलकं आहे.

कारण काय? जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, माणसं वाढली, आणि शेतीतून बाहेर पडणाऱ्याला उचलून घेईल एवढं काम गावाजवळ उभं राहिलं नाही. त्यात शेत हा असा एकच मालक आहे की जो स्वतःच्या मुलाला कामावरून काढत नाही. कारखाना काढतो, म्हणून कारखान्यातली बेकारी दिसते.

हंगामी बेरोजगारी म्हणजे काय हे मला बीडने शिकवलं. एका पावसाळी पिकावर चालणारा भाग. खरीप निघालं की पुढचे सहा-सात महिने शेतात मजुरी नाही. दसऱ्याच्या आसपास मुकादम येतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात ऊस तोडायला निघते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, मुक्काम कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. परत आल्यावर हिशेब होतो, आणि तोड कमी भरली असेल तर उचलीतला उरलेला पैसा पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. मी उन्हाळ्यात एका गावात गेले होते तेव्हा एक बाई म्हणाली, "आम्ही बेकार कुठले, आम्ही तर दोन ठिकाणी काम करतो." खरं होतं ते. सर्वेक्षणाच्या भाषेत ती वर्षभर रोजगारात होती. पण तिच्या गावात तिला सात महिने काम नव्हतं, म्हणूनच ती परगावी उसाच्या फडात होती. हंगामी बेकारीचं स्थलांतरात रूपांतर झालं की ती आकड्यातून नाहीशी होते आणि मुलांच्या शाळेच्या हजेरीपटावर दिसते.

या एका प्रकारावर मात्र महाराष्ट्राने सगळ्या देशाआधी इलाज शोधला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला: मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामाला लाखो माणसं उभी राहिली आणि कल्पनेचं मोल सगळ्यांना कळलं. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या चिठ्ठीत ती कपात दिसते. तिच्यामागे हे कारण होतं हे फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्राने २००५ साली वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला तेव्हा हा अनुभव समोर होता. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच तिची मर्यादाही सांगायला हवी. ती रिकाम्या हंगामाचा इलाज आहे. इंजिनिअर झालेल्या मुलाला चर खोदायला देणं हे त्याच्या दुखण्याचं औषध नव्हे. रोग एक आणि औषध दुसरं, असं आपल्याकडे वारंवार होतं. त्याचं मूळ प्रकार नीट न ओळखण्यात आहे.

संरचनात्मक बेरोजगारीची व्याख्या तुम्ही अशी पाठ केली असेल: अर्थव्यवस्थेची रचना बदलते, जुनी कौशल्यं निरुपयोगी होतात. व्याख्या बरोबर आहे, पण अपुरी आहे. मुंबईच्या गिरणगावात, कापड गिरण्यांच्या भागात, मी सर्वेक्षणाला गेले ते संपानंतर जवळजवळ दोन दशकांनी. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले फार मोठ्या संख्येने पुन्हा आत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या चाळीतल्या त्या खोल्यांत साठीचे साचेवाले, म्हणजे माग चालवणारे कामगार, भेटत. संपामुळे गिरण्या गेल्या, असं सरसकट म्हणायची पद्धत आहे. गिरण्यांचं दुखणं जुनं होतं. यंत्रं जुनाट झालेली, नव्या यंत्रांत पैसा घातलेला नाही, कापड यंत्रमागावर स्वस्तात निघू लागलेलं, आणि गिरणीखालची जमीन गिरणीहून महाग होत चाललेली. संपाने शेवट जवळ आणला.

आता कौशल्याचं बघा. त्या साचेवाल्याचं कौशल्य निरुपयोगी झालं होतं का? भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत माग चालूच होते. काम होतं, पण बारा तासांची पाळी, निम्म्याहून कमी मजुरी, ना फंड, ना रजा, आणि राहायला जागा नाही. मुंबईतली खोली सोडून पन्नाशीत तिथे जायचं कसं? आणि ज्या जमिनीवर गिरणी होती तिथे पुढे जी कार्यालयं आणि मॉल उभे राहिले, तिथे त्याला सुरक्षारक्षकाची खुर्ची मिळाली तर मिळाली. म्हणून मी संरचनात्मक बेरोजगारी समजावताना कौशल्याबरोबर तीन गोष्टी हमखास जोडते: जागा, वय आणि मजुरीचा दर्जा. नुसतं "कौशल्य नाही" म्हटलं की दोष कामगारावर जातो आणि उपाय म्हणून तीन महिन्यांचा कोर्स सुचवला जातो.

गिरणीबरोबर आणखी एक वर्ग गेला, त्याचं नाव कुठल्या प्रकारात येत नाही. खानावळी चालवणाऱ्या बायका. गावाकडून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे जेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्यावरून त्यांची संख्या किती असेल याची कल्पना येते. गिरणी बंद झाली की जेवणारे गेले. या बायकांना कुणी कामावरून काढलं नव्हतं, म्हणून त्यांची नोंद बेकार अशी कुठेच झाली नाही.

गिरण्यांतला आणखी एक शब्द तुमच्या कामाचा आहे: बदली कामगार. रोज सकाळी दाराशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत जायचं. महिन्याला बारा दिवस काम मिळालं तर मिळालं. याला न्यून रोजगार किंवा अर्धबेकारी म्हणतात. आज मुंबई-पुण्याच्या मजूर नाक्यांवर सकाळी आठला उभी असलेली माणसं तेच जगतात.

चक्रीय बेरोजगारी त्यामानाने समजायला सोपी. बाजारातली मागणी एकदम आटते, माल पडून राहतो, कारखाना हात कमी करतो. अमेरिकेत १९३३ साली चारातला एक कामगार बेकार होता. एवढे लोक एकदम आळशी किंवा अडाणी झाले नव्हते, हे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये पटवून दिलं. खर्च कुणीतरी केला पाहिजे, आणि कुणी करत नसेल तर सरकारने करावा. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा चाकणमध्ये मी हे जवळून पाहिलं. कायम कामगारांना काही दिवस कारखाना बंद ठेवून सुट्टी. कंत्राटी पोरांना ठेकेदाराने "ब्रेक दिला". हा शब्द तिथे सगळ्यांच्या तोंडी होता. मंदीचा पहिला घाव कंत्राटी कामगारावर बसतो, आणि तो गावी जाऊन घरच्या शेतात उतरला की आमच्या तक्त्यात २१ होतो. म्हणजे शहरातली चक्रीय बेकारी गावातली छुपी बेकारी बनते. २०२० च्या टाळेबंदीत हेच देशभर झालं. तेव्हा शेतीवरच्या लोकांचं प्रमाण अनेक वर्षांनी उलटं फिरून वाढलं. तुमच्या भावाचं कॉलेज कधी संपलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मंदीच्या वर्षात पदवी हातात पडलेल्या मुलांची सुरुवातच मागे पडते आणि ते अंतर भरून काढायला पुढे बरीच वर्षं लागतात.

घर्षणात्मक, काही पुस्तकांत संघर्षजन्य. एक काम सोडून दुसरं मिळेपर्यंतचा काळ. काम आहे, माणूस आहे, दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. पुस्तक म्हणतं ही अल्पकाळाची आणि फारशी काळजीची नाही. गाव आणि चाकण यांच्यात पाच-सात तासांचं अंतर, खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे आणि ओळखीचा ठेकेदार नसणं उभं असेल, तर हे घर्षण दोन वर्षंही टिकतं. एवढंच सांगून पुढे जाते.

गोव्याला असताना मला एक प्रकार दिसला जो अकरावीच्या पुस्तकात नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. डिचोली, सांगे, केपे या भागांतली गावंच्या गावं खनिजावर चालत होती: ट्रकवाले, मांडवी-जुवारीवरचे बार्जवाले, गॅरेजं, टायरची दुकानं, चहाचे गाडे. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यात काम पुन्हा थांबलं. पहिल्या बंदीच्या काळात मी दारोदार विचारत होते, "काम शोधता का?" उत्तर यायचं, "खाण सुरू होतली मगे." ट्रकवर कर्ज होतं, ट्रक दाराशी उभा होता, आणि आज ना उद्या खाण उघडेल या आशेवर माणूस दुसऱ्या कामाला हात घालत नव्हता. त्याला आळशी म्हणता येणार नाही. खाणीवरचं उत्पन्न हॉटेलातल्या वेटरच्या पगारापेक्षा इतकं जास्त होतं की थांबणं हाच त्याच्या हिशेबाने शहाणपणा होता. अर्थशास्त्रात याला वाट पाहण्याची बेकारी म्हणतात. हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये शहरात येणाऱ्या स्थलांतरितांबद्दल हाच हिशेब मांडला होता: शहरातल्या चांगल्या नोकरीचा पगार आणि ती मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार गावातल्या मजुरीपेक्षा मोठा असेल, तर माणूस शहरात बेकार राहूनही थांबेल.

सुशिक्षित बेरोजगारी समजून घ्यायला मला हीच किल्ली सगळ्यात उपयोगी पडली. शिक्षण सदोष आहे, पदव्या वाढल्या, उद्योगांना हवं ते शिकवलं जात नाही, ही कारणं खरी आहेत, ती परीक्षेत लिहाच. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दहा-दहा वर्षं बसलेली मुलं कुठल्याच कामाला लायक नाहीत असं कोण म्हणेल? २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ च्या पोलिस भरतीत १७ हजारांवर जागा आणि १७ लाखांहून अधिक अर्ज, म्हणजे एका जागेमागे शंभर. ही रांग आहे. रांगेच्या टोकाला असलेली नोकरी आणि बाहेर मिळणारी कंत्राटी नोकरी यांतली दरी जेवढी मोठी, तेवढी रांग लांब. एकीकडे कायम पगार, निवृत्तीपर्यंतची शाश्वती, लग्नाच्या बाजारातली किंमत; दुसरीकडे अकरा महिन्यांचं कंत्राट. राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे, त्यामुळे रांगेत उभं राहायचा कालावधीही मोठा. जाहिरात लांबली, निकाल अडकला की मुलांची आणखी दोन वर्षं जातात, आणि ती वर्षं कुणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा एक आकडा आहे: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. हा आकडा दाखवून शिकून काही उपयोग नाही असं सांगणारे भेटतात. त्याचा अर्थ मी असा लावते की गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो सकाळी मिळेल त्या मजुरीला जातो आणि रोजगारात मोजला जातो. ज्याच्यामागे वडिलांचं शेत, आईचं सोनं किंवा भावाचा पगार आहे, तोच थांबू शकतो. बेकार म्हणून नोंद होण्यासाठीसुद्धा घरात कुणाचा तरी आधार लागतो.

बायकांचं मात्र उलट होतं: त्या काम करत असूनही ते नोंदलं जात नाही. "घरी कोण काय करतं?" असं विचारलं की दारातला पुरुष म्हणायचा, "ही काही नाही करत, घरीच असते." माझ्या पहिल्या वर्षांत मी ते जसंच्या तसं लिहायचे, संकेतांक ९२, फक्त घरकाम. पुढे शिकले. "म्हैस कोण बघतं? दूध डेअरीला कोण घालतं? खुरपायला कोण जातं?" असं एकेक विचारलं की तीच बाई २१ व्हायची. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. या वाढीतला मोठा हिस्सा ग्रामीण बायकांच्या स्वयंरोजगाराचा आणि घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतीचा आहे. किती जणींना खरंच नवं काम मिळालं आणि किती जणींचं जुनंच काम आता नीट विचारल्यामुळे दिसू लागलं, हे वेगळं करून बघितल्याशिवाय यावर आनंद किंवा दुःख करू नये.

दराचं गणितही इथेच सांगते, कारण परीक्षेत फसवतं. दर काढताना भागायला श्रमशक्ती घेतात, लोकसंख्या नाही. गावात १०० जण श्रमशक्तीत, त्यातले ९० कामावर आणि १० शोधात, तर दर १० टक्के. त्या दहातल्या चौघांनी कंटाळून शोधणं सोडलं, तर श्रमशक्ती ९६ झाली, शोधणारे ६ उरले आणि दर सव्वासहावर आला. एकालाही काम मिळालं नाही, तरी दर उतरला.

आता तुमच्या भावाकडे येते. शेतात तो छुपा बेरोजगार आहे. तलाठी भरतीच्या रांगेत तो वाट पाहणारा, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत सुशिक्षित बेरोजगार. त्याला हवी तशी कायम नोकरी कारखाने आता पूर्वीसारखी देत नाहीत आणि जी देतात ती गावापासून लांब आहेत, या अर्थी संरचनात्मक आणि थोडी घर्षणाचीही बाजू आहे. परीक्षेत एकच उत्तर लिहायचं असेल तर "सुशिक्षित" लिहा, गुण मिळतील. पण त्याला मदत करायची असेल तर यातलं कुठलं कारण जड आहे हे त्याच्याबरोबर बसून शोधा. वहीवर मागचे बारा महिने मांडा. प्रत्येक महिन्यात किती दिवस शेतात, किती दिवस परीक्षेच्या अभ्यासात, किती अर्ज, किती मुलाखती, आणि कुठलं काम मिळत असून नाकारलं, ते का. नाकारण्याची कारणं पगाराची निघाली तर गोष्ट वेगळी, राहण्याच्या खर्चाची निघाली तर वेगळी. घरच्यांनी पहिल्या तीन महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय केली आणि दोन वर्षं अडलेलं सुटलं, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. आणि कारण भरतीची रांग हेच निघालं, तर किती प्रयत्न करायचे आणि कुठल्या वर्षी थांबायचं, हे त्याने स्वतः, आजच ठरवावं. वयोमर्यादेवर सोडू नये.

त्याचं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. जी कारणं वर लिहिली त्यातलं एकही त्याने निर्माण केलेलं नाही. काढणीच्या दिवसांत तो राबतो, त्याला मजुरी मिळत नाही एवढंच. ज्याला गाव रिकामा म्हणतं त्याला सरकारी तक्ता कामकरी म्हणतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याची खरी अडचण नोंदली जात नाही.

एक शेवटची गोष्ट, माझ्या कामाच्या अनुभवातली. पुढेमागे तुमच्या दारी सर्वेक्षणाचं माणूस आलं, तर भावाबद्दलची उत्तरं वडिलांना देऊ देऊ नका. वडील म्हणणार, "तो असतो की माझ्याबरोबर रानात." त्यालाच बाहेर बोलवा आणि मागच्या आठवड्यात नोकरी शोधण्यासाठी काय काय केलं ते त्याच्या तोंडून सांगू द्या.